भाड्याची स्कूटर आणि परका रस्ता

परदेशप्रवास ही एके काळी बॅरिस्टर, व्यापारी आणि संस्थानिक यांची मिरासदारी होती. मुंबईच्या बंदरावर हारतुरे घेऊन माणसे जमत आणि जाणाऱ्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येई. आज तसे राहिलेले नाही. औषधाच्या दुकानातील मदतनीस, विमा-एजंट, ट्रॅक्टरच्या शोरूममधील विक्रेता, शिक्षक दांपत्य अशी आपल्या गावातील साधी माणसे चार-पाच दिवसांसाठी बँकॉक, फुकेत किंवा बाली येथे जाऊन येतात. कोणाला कंपनी बक्षीस म्हणून पाठवते, कोणी भिशीचे पैसे साठवून जातो. यात वावगे काही नाही. श्रमणाऱ्या माणसाने जग पाहावे, परक्या समुद्रात पाय बुडवावेत, परके अन्न चाखावे, ही आम्हांला तर फार आनंदाची गोष्ट वाटते. भरपगारी सुटीसाठी आमच्या आधीच्या पिढ्यांनी संप केले, लाठ्या खाल्ल्या. ती सुटी अशी कारणी लागत असेल, तर त्यांच्या कष्टांचे चीज झाले म्हणावयाचे.

परंतु या प्रवासात एक गोष्ट अशी आहे, की जाताना तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही आणि परतताना मात्र तीच डोळ्यांत पाणी आणते. ती म्हणजे तेथे भाड्याने घेतलेली स्कूटर. विमानाचे तिकीट, हॉटेल, जेवणाची सोय यांची चौकशी माणूस महिनाभर करतो. पण ज्या वाहनावर बसून तो स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव रस्त्यावर नेणार, त्याची चौकशी दुकानाच्या दारात पाच मिनिटांत उरकतो. मोटार-कायद्याचे आम्ही पंडित नव्हे. तथापि कामगारांच्या नुकसानभरपाईची प्रकरणे हाताळता हाताळता एक गोष्ट पक्की शिकलो आहोत. अपघात एका क्षणात होतो, पण त्याचा निकाल त्याच्या कितीतरी आधी कपाटात पडलेल्या कागदांवर लागतो. परक्या देशातील स्कूटरच्या बाबतीत ते कागद कोणते, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते एका दुःखद प्रसंगाने. आमच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा सुट्या भागांच्या दुकानात विक्रेता होता. २०२३ च्या पावसाळ्यात तो चार मित्रांसह थायलंडमधील फुकेत बेटावर गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्कूटरी भाड्याने घेतल्या. दुकानदाराने विचारले, "लायसन आहे?" मुलाने कार्ड दाखवले. दुकानदाराने त्यावरून नजर फिरवली, पासपोर्ट खणात टाकला आणि किल्ली हातात दिली. संध्याकाळी पाऊस पडून गेल्यावर पातोंगच्या डोंगरावरून उतरताना वळणावर त्याची गाडी घसरली, ती समोरून चढत येणाऱ्या एका खाद्यपदार्थांच्या गाडीवर गेली. मुलाच्या मांडीचे हाड मोडले. गाडी चालवणाऱ्या बाईंचे मनगट मोडले आणि त्यांचा सारा माल रस्त्यावर सांडला.

शस्त्रक्रियेचे देयक हाती आले, तेव्हा प्रवासविमा होताच म्हणून घरच्यांना धीर होता. विमा कंपनीने पहिलाच प्रश्न विचारला, तो परवान्याचा. मुलाचे कार्ड पाहिले तर त्यावर वाहनवर्गाच्या रकान्यात एकच नोंद होती, हलक्या मोटारीची. मोटार तो रीतसर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकला होता. स्कूटर तो अकरावीत असल्यापासून चालवत होता, पण तिच्यासाठी परवाना काढण्याचे त्याला कधी सुचलेच नव्हते. दावा नामंजूर झाला. वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले, बाकीच्यासाठी आम्ही पावतीपुस्तक घेऊन फिरलो. स्कूटरची दुरुस्ती भरून दिल्याखेरीज दुकानदार पासपोर्ट देईना, म्हणून तीही रक्कम येथूनच पाठवावी लागली. एके रात्री वडील आम्हांला म्हणाले, "भाऊ, एवढी वर्षं तो इथं गाडी चालवतोय. कोणी एका शब्दानं विचारलं नाही हो." त्यांचा रोख आमच्यावर नव्हता, तरी आम्ही मान खाली घातली. कारण त्याच मुलाच्या मागे बसून आम्ही स्वतः कितीतरी सभांना गेलो होतो.

म्हणून पहिला कागद म्हणजे आपलाच, घरचा परवाना. तो परदेशाच्या आधी येथेच तपासावयाचा आहे. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परवाना हा सरसकट 'गाडी चालवण्याचा' नसतो. तो ठरावीक वर्गाच्या वाहनाचा असतो. बिनगिअरची दुचाकी, गिअरची दुचाकी आणि हलकी मोटार हे तीन वर्ग वेगवेगळे आहेत. मोटारीचा परवाना असलेल्या माणसाने स्कूटर चालवणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना चालवणेच होय, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून त्याला पाच हजार रुपये दंड आहे. "मोठी गाडी येते त्याला लहान येणारच" हा युक्तिवाद चहाच्या टपरीवर चालतो, न्यायासनासमोर चालत नाही. दोन चाकांवर तोल सांभाळणे ही वेगळी विद्या आहे आणि तिची परीक्षाही वेगळी आहे.

ज्याच्या कार्डावर दुचाकीची नोंद नसेल त्याने निराश होण्याचे कारण नाही. आर.टी.ओ.कडे अर्ज करून वर्ग वाढवून घेता येतो. त्यासाठी आधी त्या वर्गाचे शिकाऊ लायसन काढावे लागते आणि ते मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. म्हणजे कार्ड हातात येईपर्यंतचा काळ धरून निघण्यापूर्वी किमान दोन महिने हे काम हाती घ्यावयास हवे. विमानाचे तिकीट काढल्यावर परवान्याचा विचार करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

दुसरा कागद म्हणजे आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. याविषयी लोकांत फार गैरसमज आहेत, म्हणून थोडे मागे जाऊन सांगणे बरे. मोटारी आल्या तेव्हा एका देशाचा चालक दुसऱ्या देशाच्या सीमेवर येऊन अडकू लागला. येथल्या शिपायाला तेथली भाषा वाचता येईना, तेथला शिक्का ओळखता येईना. या अडचणीतून १९०९ साली पॅरिस येथे मोटार-वाहतुकीसंबंधी पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. १९२६ साली पॅरिसलाच दुसरा झाला. महायुद्धानंतर १९ सप्टेंबर १९४९ रोजी जिनिव्हा येथे आणि ८ नोव्हेंबर १९६८ रोजी व्हिएन्ना येथे नवे करार झाले. आज व्यवहारात मुख्यतः या शेवटच्या दोन करारांच्या नमुन्यांचे परवाने चालतात.

भारत आणि थायलंड हे दोन्ही देश १९४९ च्या जिनिव्हा करारात योगायोगाने एकाच वर्षी, म्हणजे १९६२ साली सामील झाले. आपल्याकडील आंतरराष्ट्रीय परवाना याच कराराच्या नमुन्याप्रमाणे आर.टी.ओ. देते. पूर्वी निरनिराळ्या राज्यांत त्याचा आकार, कागद, रंग निरनिराळा असे आणि परदेशात त्यामुळे शंका घेतल्या जात. २०२२ साली केंद्र सरकारने सर्व देशासाठी एकच नमुना ठरवून दिला. त्याची शासकीय फी एक हजार रुपये आहे आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची. मूळ परवाना त्याआधी संपत असेल तर हाही त्याबरोबरच संपतो.

हा कागद म्हणजे नवा परवाना नव्हे, हे नीट ध्यानात घ्यावे. मूळ परवान्यात जे आहे त्याचे सर्व देशांना कळेल असे रूपांतर म्हणजे हा कागद. म्हणून मूळ कार्ड घरी ठेवून नुसता हा घेऊन जाणे निरुपयोगी आहे. दोन्ही बरोबर लागतात. आणि मूळ परवान्यात जे नाही, ते यात येऊ शकत नाही. १९४९ च्या नमुन्यात वाहनांचे पाच वर्ग दिलेले आहेत. 'ए' हा मोटारसायकलीचा व तत्सम वाहनांचा, 'बी' हा साध्या मोटारीचा, आणि 'सी', 'डी', 'ई' हे मालमोटारी, बस व जोडगाड्यांचे. ज्या वर्गाचा अधिकार असेल त्याच्यासमोर शिक्का मारलेला असतो. स्कूटर ही 'ए' वर्गात मोडते. शिक्का फक्त 'बी'समोर असेल, तर त्या कागदावर स्कूटर चालवता येत नाही, मग कागद कितीही ऐटदार दिसो. आमच्या त्या मुलाने हा परवाना काढला असता तरी त्यावर 'बी'चाच शिक्का आला असता. पण निदान त्या निमित्ताने खिडकीपलीकडच्या कारकुनाने त्याला एवढे तरी सांगितले असते, की बाबा रे, तुला दुचाकीचा अधिकार नाही. तेवढ्या एका वाक्याने मोठा अनर्थ टळला असता.

आता दुसरा प्रश्न. 'आंतरराष्ट्रीय' म्हटले म्हणजे तो साऱ्या जगात चालतो काय? तसे नाही. प्रत्येक देश आपण मान्य केलेल्या करारापुरताच बांधलेला असतो. जपान फक्त १९४९ च्या नमुन्याचा परवाना मानतो. व्हिएतनाम २०१४ साली १९६८ च्या करारात सामील झाला आणि तो त्याच नमुन्याचा परवाना मानतो. चीनच्या मुख्य भूमीवर कोणताही आंतरराष्ट्रीय परवाना चालत नाही. थायलंडने दोन्ही करार स्वीकारलेले आहेत, १९४९ चा १९६२ साली आणि १९६८ चा २०२० साली. तेव्हा निघण्यापूर्वी "माझ्याकडील हा कागद त्या देशात दुचाकीसाठी चालतो काय" असा नेमका प्रश्न विचारावा आणि उत्तर त्या देशाच्या वकिलातीकडून किंवा सरकारी खात्याकडून घ्यावे. ट्रॅव्हल एजंटाने "सगळे जण चालवतात" असे सांगितले, तर ते उत्तर नव्हे. सगळे जण काय करतात आणि कायदा काय म्हणतो, यांत किती अंतर असते हे कारखान्यात काम केलेल्या कोणालाही सांगावयास नको.

येथे तिसऱ्या एका भ्रमाचाही निरास केला पाहिजे. ताशी पंचवीस किलोमीटरहून कमी वेगाच्या आणि लहान मोटरच्या विजेवरील स्कूटरींना आपल्याकडे परवाना लागत नाही, म्हणून "लहान गाडीला कोण विचारतो" अशी समजूत रूढ झाली आहे. फुकेतमध्ये भाड्याने मिळणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटरी बहुधा ११० ते १२५ सी.सी.च्या, म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या स्कूटरींएवढ्याच असतात. त्यांना पुरा परवाना लागतो. थायलंडच्या १९७९ च्या वाहन कायद्यात विनापरवाना चालवणाऱ्यास एक महिन्यापर्यंत कैद किंवा एक हजार बाटपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. व्यवहारात दंड भरून माणूस सुटतो, आणि घोटाळा येथेच होतो. दंडाची पावती खिशात असली म्हणजे पुढचे दिवस मोकळे, असे मानणारे प्रवासी असतात. पावती ही झालेल्या गुन्ह्याची असते. पुढील गुन्ह्याची परवानगी तिच्यावर लिहिलेली नसते. आणि अपघात झाला तर ती पावती विमा कंपनीच्या हातातला पुरावाच ठरते.

तिसरा कागद म्हणजे विमा. हा एक नसून दोन आहेत, आणि त्यांतील फरक न कळल्यामुळे फार माणसे फसतात. एक विमा वाहनाचा, दुसरा आपला स्वतःचा.

थायलंडमध्ये १९९२ च्या मोटार-अपघातग्रस्त संरक्षण कायद्याने प्रत्येक वाहनास सक्तीचा विमा लावलेला आहे. त्याला तेथे बोलीभाषेत 'पॉ रॉ बॉ' म्हणतात. आपल्याकडील सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचा तो भाऊबंद समजावा. चूक कोणाची हे ठरण्याची वाट न पाहता जखमी माणसाच्या उपचारासाठी प्रारंभी तीस हजार बाटपर्यंत रक्कम त्यातून मिळते. दुसऱ्याची चूक ठरल्यावर उपचाराची मर्यादा ऐंशी हजार बाट होते आणि मृत्यू झाल्यास वारसांना पाच लाख बाट मिळतात. ही योजना चांगली आहे. जखमी माणसाने आधी औषध घ्यावे, भांडण मागाहून, हे तत्त्व आम्हां कामगार चळवळीतील लोकांना पटणारे आहे.

परंतु त्याच्या मर्यादाही पाहा. हा विमा माणसांच्या शरीराचा आहे, वस्तूंचा नाही. मोडलेली स्कूटर, समोरच्याची फुटलेली गाडी, सांडलेला माल हे काही त्यात येत नाही. भाड्याच्या पुष्कळ स्कूटरींना या सक्तीच्या विम्यापलीकडे दुसरा कोणताही विमा नसतो. "विमा आहे" असे दुकानदार म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो; फक्त कोणता विमा ते तो सांगत नाही आणि आपण विचारत नाही. मोठी शस्त्रक्रिया करावी लागली तर खाजगी रुग्णालयाचे देयक ही मर्यादा केव्हाच ओलांडून जाते.

म्हणून दुसरा विमा, तो आपण येथून नेतो तो प्रवासविमा. त्याचे पत्रक जाड असते आणि अक्षर बारीक. वाचण्याचा कंटाळा येतो हे आम्हांला मान्य आहे. परंतु संपूर्ण पत्रक वाचवत नसेल त्याने निदान पाच प्रश्नांची उत्तरे लेखी मागून घ्यावीत. दुचाकी चालवताना झालेली दुखापत यात येते काय? किती सी.सी.पर्यंतच्या गाडीला? त्या देशात वैध असलेला परवाना हवा, अशी अट आहे काय? हेल्मेट नसल्यास किंवा मद्य घेतलेले असल्यास काय होते? आणि आपल्या हातून दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई हा विमा देतो काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थी येते, कारण वाहन चालवताना दुसऱ्याला झालेली हानी प्रवासविम्यातून सामान्यतः वगळलेली असते. उत्तर नकारार्थी आले तर निदान आपण कोणत्या जोखमीवर किल्ली फिरवतो आहोत ते कळेल. कळून घेतलेली जोखीम माणसाला सावध करते.

आता दुकानात येऊ. गोव्याला जाणाऱ्या आपल्या लोकांना यातील एक धडा घरबसल्या मिळण्यासारखा आहे. आपल्या देशात दुचाकी भाड्याने देण्यासाठी १९९७ पासून शासनाची योजना आहे, आणि रीतसर भाड्याच्या गाडीला काळी पाटी व तिच्यावर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कोणी भाड्याने देत असेल तर ती बेकायदा आहे आणि अपघातात तिच्या विम्याचा भरवसा धरता येत नाही. परदेशात पाट्यांचे रंग वेगळे असतील, परंतु प्रश्न तोच: ही गाडी भाड्याने देण्याचा यांना अधिकार आहे काय, हिचा चालू वर्षाचा कर भरला आहे काय, सक्तीचा विमा चालू आहे काय? कागद दाखवा म्हणण्यात लाज कसली? दुकानदार आपला परवाना पाहतो, तसे आपणही त्याचे कागद पाहावेत. करार दोघांचा असतो.

करारपत्राविषयी आमचे एकच सांगणे आहे, आणि ते आम्ही कारखान्याच्या दारातही तीस वर्षे सांगत आलो आहोत: जे वाचता येत नाही त्यावर सही करू नका. मजकूर परक्या भाषेत असेल तर भाषांतर मागा. खिशातल्या मोबाइलवर आता तेही करता येते. मोडतोड झाल्यास किती द्यावे लागेल, गाडी चोरीस गेल्यास तिची किंमत काय धरणार, परत किती वाजता द्यावयाची, हे आकडे आधी कागदावर येऊ द्या. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून प्रत्येक ओरखडा, प्रत्येक पोचा, आरसे, दिवे, टायर यांचे चित्रण दुकानदारादेखत करा. ब्रेक दाबून पाहा. बिनगिअरचा सराव असलेल्याने पायाने गिअर टाकण्याची गाडी घेऊ नये, तिचे भाडे कमी असले तरी.

आणि पासपोर्ट कोणाच्याही खणात ठेवू नका. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तो कागद आपल्या नावाचा असला तरी भारत सरकारच्या मालकीचा असतो. जी वस्तू आपल्या मालकीची नाही, ती आपण गहाण कशी ठेवणार? पासपोर्टची छायाप्रत द्यावी, रोख अनामत ठेवावी आणि तिची पावती घ्यावी. मूळ पासपोर्टच हवा असे म्हणणाऱ्या दुकानातून बाहेर पडावे. पुढे दुसरे दुकान असते. ज्याच्याकडे आपला पासपोर्ट आहे त्याच्याशी मोडतोडीच्या रकमेवर घासाघीस करता येत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

रस्त्याविषयी थोडे. थायलंडमध्ये वाहने आपल्यासारखी डाव्या बाजूने चालतात, म्हणून आपल्या माणसाला ते घरच्यासारखे वाटते आणि तो गाफील होतो. शेजारच्या लाओस, कंबोडिया व व्हिएतनाम येथे उजव्या बाजूने चालतात. फुकेतला नैर्ऋत्य मोसमी पाऊस आपल्यासारखाच असतो आणि डोंगरातील रस्ते तीव्र चढउताराचे व वळणांचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालात थायलंडमधील रस्त्यांवरील मृत्यूंचे प्रमाण लाख लोकांमागे ३२.७ दिले होते, आणि मृतांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश माणसे दुचाकी-तिचाकीवरील होती. २०२३ च्या अहवालात हे प्रमाण २५.४ पर्यंत उतरले, पण तेही थोडे नव्हे. हेल्मेट चालवणाऱ्याला व मागे बसणाऱ्याला, दोघांनाही सक्तीचे आहे. २०२२ च्या दुरुस्तीने त्याचा दंड दोन हजार बाटपर्यंत वाढवला. दुकानदाराने दिलेले हेल्मेट सैल असेल, पट्टा तुटका असेल, तर दुसरे मागा. टोपी घालणे आणि डोके वाचवणे यांत फरक आहे. मद्याविषयी तर सांगावयासच नको. शंभर मिलिलिटर रक्तात आपल्याकडे तीस मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तेथे साधारणपणे पन्नासची. परंतु सुटीच्या धुंदीत मिलिग्रॅम मोजीत कोणी बसत नाही. प्यावयाचे असेल त्याने गाडी दुकानात परत करून यावे.

एवढे करूनही अपघात झालाच, तर जागा सोडू नये. आधी जखमी माणसाकडे जावे, मग गाडीकडे. थायलंडमध्ये रुग्णवाहिकेसाठी १६६९, पोलिसांसाठी १९१ आणि प्रवाशांसाठी असलेल्या खास पोलिसांसाठी ११५५ हे क्रमांक आहेत. ते निघण्यापूर्वीच लिहून ठेवावेत. छायाचित्रे घ्यावीत, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि न कळणाऱ्या भाषेतील कबुलीपत्रावर सही करू नये. आपल्या वकिलातीचा क्रमांकही जवळ असावा.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, चार दिवसांच्या मौजेसाठी एवढा खटाटोप कशाला? त्यांस आमचे सांगणे असे, की खटाटोप नको असेल तर स्कूटर घेऊ नये. टॅक्सी आहे, बस आहे, आपले पायही आहेत. त्यात कमीपणा काही नाही. पण स्कूटर घ्यावयाचीच असेल, तर परवाना, शिक्का, विमा हे सारे शिपायाला दाखवण्यासाठी असते ही कल्पना आधी मनातून काढून टाकली पाहिजे. शिपाई भेटेल किंवा न भेटेल. रस्त्यावर माणसे मात्र निश्चित भेटतात. आपण तेथे सुटीवर असतो, ती कामावर असतात. कोणी पाळीवरून घरी चाललेला असतो, कोणी मुलाला शाळेतून आणीत असतो, कोणी दिवसभराचा माल घेऊन डोंगर चढत असतो. त्यांच्या रस्त्यावर आपण पाहुणे आहोत. मला ही गाडी चालवता येते याची कोणीतरी परीक्षा घेतली आहे, आणि माझ्या हातून चूक झालीच तर तुम्ही उघड्यावर पडणार नाही, असे पाहुण्याने त्यांना दिलेले वचन म्हणजे हे कागद होत.

त्या मुलाचा पाय आता बरा आहे. जिना चढताना थोडा लचकतो, इतकेच. गेल्या वर्षी त्याने दुचाकीची परीक्षा दिली आणि कार्ड घेऊन तो आमच्या कचेरीत आला. आम्ही त्याला पेढा दिला. मग तो म्हणाला, "भाऊ, त्या बाईंचं पुढं काय झालं असेल?" आम्हांला उत्तर देता आले नाही. त्यांच्या मनगटाच्या उपचाराला तेथील सक्तीच्या विम्यातून पैसे मिळाले असतील. पण सांडलेल्या मालाचे, मोडलेल्या गाडीचे, हात प्लास्टरमध्ये असताना बुडालेल्या दिवसांचे पैसे त्यांना कोणी दिले? आम्ही येथे पावतीपुस्तक घेऊन फिरलो ते आमच्या मुलासाठी. त्या बाईंसाठी कोणी फिरले असेल काय, हे आम्हांला माहीत नाही, आणि त्या वेळी विचारण्याचे आम्हांलाही सुचले नाही. कामगारांच्या हक्कांविषयी आयुष्यभर बोलणाऱ्या माणसाला ही गोष्ट बोचते, आणि बोचलीच पाहिजे.

मित्रहो, आज घरी गेल्यावर एवढेच करा. आपले लायसन काढा, चष्मा लावा आणि वाहनवर्गाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते वाचा. नंतर घरातील मुलामुलींचीही कार्डे मागून घ्या. दुचाकीची नोंद नसेल तर उद्याच आर.टी.ओ.चा रस्ता धरा. परदेशी जाणे होवो अथवा न होवो, आपल्या गावच्या रस्त्यावरूनही कोणीतरी माल घेऊन चढण चढत असतेच.